थंब कंपास: आरेच्या रानात पळवून पाहिला

साडेपाच हजार रुपये मोजून काडेपेटीएवढा कंपास आणला म्हटल्यावर घरी काय ऐकावं लागलं ते सोडा. वस्तू युरोपातून आलेली, ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशा आणि कंपास घेऊन रानातली ठरलेली ठिकाणं पळत गाठायच्या शर्यतींसाठीच बनवलेली. पट्ट्यात डावा अंगठा अडकवायचा, त्याच हातात घडी केलेला नकाशा धरायचा आणि कंपासचं टोक आपण उभे आहोत त्या जागेवर टेकवायचं. आपण पुढे जाऊ तसा अंगठाही नकाशावर पुढे सरकवायचा. मी एनसीसीत लिक्विड प्रिझमॅटिक कंपासवर शिकलेली. त्यात एकेक अंश वाचून घ्यायचे. इथे अंशच नाहीत, डबीत नुसते रंगांचे पट्टे.

आणि धावताना ते पुरतात. नकाशावरच्या उत्तररेषा सुईला समांतर येईपर्यंत स्वतः वळायचं, मग नाकासमोर सुटायचं. मुंबईत चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर यांच्यात एक अंशाचासुद्धा फरक नाही, त्यामुळे आमच्या ग्रुपने ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून घरी काढलेला नकाशाही काही दुरुस्ती न करता चालून जातो.

पारख केली ती आरेत, भर उजेडात (बिबटे आहेत, अंधारात प्रयोग नकोत), १:१०,००० च्या नकाशावर. म्हणजे एका सेंटिमीटरला शंभर मीटर. छोटा काश्मीरच्या बाजूने डांबरी रस्ता, तबेल्यांची कुंपणं, वीजवाहिनीखालचा मोकळा पट्टा, असं काहीतरी धरून जाताना या कंपासचे पैसे वसूल होतात. न थांबता नजर खाली टाकली की अंगठ्यापाशीच आपली जागा सापडते. बेसप्लेट कंपास, म्हणजे सपाट पारदर्शक पट्टीवर बसवलेला नेहमीचा, गळ्यात लोंबतो. तो हातात घ्या, नकाशावर ठेवा, डबी फिरवा, आणि तेवढ्यात मागचा पोरगा पुढे.

रस्ता सोडून गवतात शिरलं की गोष्ट बदलते. पळताना या कंपासवर दिशा पाचेक अंशांनी सहज चुकते. चारशे मीटर तसंच गेलात तर पोचाल ठरलेल्या जागेपासून पस्तीस मीटर बाजूला. पावसाळ्यानंतर आरेत गवत आणि घाणेरीच्या जाळ्या कमरेपर्यंत येतात. कंट्रोलचा (गाठायच्या ठिकाणाचा) नारिंगी-पांढरा झेंडा प्रत्येक बाजूला ३० सेंटिमीटरचा. पस्तीस मीटरवरून तो दिसतच नाही. मग गोल गोल फिरणं आलं आणि रस्त्यावर कमावलेलं सगळं तिथे जातं. तीच चूक शंभर मीटरवर मात्र नऊ मीटरसुद्धा भरत नाही. म्हणून मी कंट्रोलजवळची एखादी ठळक खूण आधी ठरवते. तबेल्याचा कोपरा, रस्त्याचं वळण, मोठी पाण्याची टाकी, काहीही. तिथपर्यंत फुप्फुसं फुटेस्तोवर पळायचं, सुई जेमतेम बघायची. तिथून पुढे वेग निम्मा, पावलं मोजायची आणि सुई स्थिर झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. सुई लवकर स्थिरावते म्हणून वेग वाढतो असं जाहिरातीत म्हणतात. मला ती कामाला आली हळू चालायच्या या शेवटच्या तुकड्यात.

सुईबद्दल एक तक्रार. स्वीडनमध्ये चुंबकीय बलरेषा जमिनीत सत्तरहून जास्त अंशांनी खाली घुसतात, मुंबईत तिसाच्या आत. तिकडे सुई आडवी राहावी म्हणून तिच्या दक्षिण टोकाला वजन देतात, ते इथे जास्त होतं आणि ते टोक खाली झुकतं. माझ्या कंपासचं झुकतंच. हात जरा कलला की सुई डबीच्या तळाला घासते, आणि धावताना हात कलतोच. दुसरीकडे आपल्याकडे सुईला फिरवणारं आडवं चुंबकीय बल स्वीडनच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे सपाट धरला तर सुई झटकन थांबते. खरेदी करताना कुठल्या भूभागासाठी तोललेली सुई आहे ते विचारूनच घ्या. विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही तर दुसरा विक्रेता बघा.

घरी येताना गोरेगावच्या रेल्वे पुलावर तपासून पाहू नका. तिथे लोखंड आहे, सुई वाट्टेल तिकडे बघते. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं होतं. आपली डबी काय टिकणार! मोबाइलपासूनही लांब ठेवा. बॅगेत दोघांची गाठ पडली तर सुईचे ध्रुव उलटू शकतात आणि उत्तर म्हणून ती दक्षिण दाखवते.

बाकी किरकोळ. पट्टा घामाने सैल पडतो, मी सेफ्टी पिन लावली नाही, कारण तीही लोखंडाची. दोन टाके घातले. प्लास्टिकवर ओरखडे आलेत, वाचायला अडचण नाही.

सह्याद्रीत ट्रेकला जाऊन समोरच्या सुळक्याचं बेअरिंग (दिशेचे नेमके अंश) घेणाऱ्यांनी हा घेऊ नये, निम्म्या किमतीत चांगला बेसप्लेट मिळतो. नकाशा हातात धरून पळायची सवय नसेल तरीही थांबा. आधी नुसता अंगठा नकाशावर सरकवत पळून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. सवय असेल तर जरूर घ्या. डाव्या आणि उजव्या हाताचे वेगळे येतात: पंचिंगची (कंट्रोलवर पोचल्याची नोंद करायची) चिप ज्या बोटात घालता, त्याच्या उलट्या हाताचा मागवा.