‘फक्त बघायला पाठवा’ म्हणणारी पार्टी

घरांचे, फ्लॅटचे, दुकानगाळ्यांचे फोटो काढणाऱ्यांचे पैसे बुडतात ते शूटच्या वेळी नाही आणि एडिटिंगच्या वेळीही नाही. फोटो तयार होतात, ते पार्टीच्या हाती द्यायचे असतात, तिथे बुडतात. मला एका एजंट-ऑफिसने अशीच टोपी घातली. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं आहे. शिवाय नावाने फार फरक पडत नाही, डाव सगळीकडे हाच असतो.

सुरुवातीला त्यांनी छोटी छोटी कामं दिली. एखादा फ्लॅट, एखादं ऑफिस. फोटोंची लिंक जायच्या आधीच पैसे जमा. वर ‘मॅडम, तुमच्यासारखं काम कोणी करत नाही’ वगैरे. मग एकदम बऱ्याच घरांची यादी आली, सगळं घाईचं. ॲडव्हान्सचा विषय काढला तर ‘आपला आधीचा व्यवहार बघा की!’ तरी मी अडून बसले तेव्हा थोडा ॲडव्हान्स आला. येण्याजाण्याचा खर्च निघेल, इतपतच.

या कामात वेळ कुठे जातो ते बाहेरच्यांना दिसत नाही. खोलीच्या एका कोनासाठी मी पाच एक्स्पोजर घेते, म्हणजे तोच फोटो कमी-जास्त उजेडात पाच वेळा. खिडकीबाहेरचं दृश्य जळू नये म्हणून एक अगदी काळपट, सोफ्याखालचा अंधार उघडावा म्हणून एक भरपूर उजळ, आणि मधली तीन. मग ती एकत्र करायची, भिंतींच्या उभ्या रेषा सरळ करायच्या, दिव्याचा पिवळेपणा आणि खिडकीतून येणारा निळेपणा जुळवायचा. पार्टीच्या हाती पडतो तो एक फोटो, त्यामागच्या पाच रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या मूळ फाइल, माझ्याकडे राहतात. पुढे याच फाइल कामी आल्या.

एडिटिंग झाल्यावर मी प्रीव्ह्यू पाठवले. लांब बाजू १२०० पिक्सेल, खालच्या कडेला नावाची आडवी वॉटरमार्क पट्टी. या धंद्यात बहुतेक जण असंच करतात आणि बहुतेकांना वाटतं की आपण सुरक्षित आहोत. समारंभाचे फोटो काढणाऱ्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, नीट छापायचं तर ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात. १२०० पिक्सेलचा फोटो त्याच हिशोबाने जेमतेम १० सेंटिमीटर रुंद छापला जाईल, अल्बमच्या कामाचा नाही. पण घराचे फोटो छापतो कोण? ते लिस्टिंगच्या पोर्टलवर जातात आणि लोक ते मोबाइलवर अंगठ्याने सरकवत बघतात. तिथे १२०० पिक्सेल भरपूर झाले. कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० ची फाइल निघत असली तरी पार्टीला तिची गरजच नसते. म्हणजे आपण ज्याला प्रीव्ह्यू म्हणतो, तीच या धंद्यातली डिलिव्हरी. त्या ऑफिसला हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्यांचा मेसेज होता, ‘फुल साइजची घाई नाही, फक्त बघायला पाठवा. मालक बाहेरगावी आहेत, त्यांना दाखवून लगेच फायनल करतो.’

नंतर सगळं थंड. मी विचारलं की ‘मालकांचा निरोप यायचाय.’ मग अचानक एके दिवशी पेमेंटचा स्क्रीनशॉट आला आणि पाठोपाठ ‘आता फुल साइजची लिंक टाका, आज लाइव्ह करायचंय.’ रक्कम बरोबर, माझं नाव बरोबर, हिरवी बरोबरची खूण मोठ्ठी. मी फोटो मोठा करून पाहिला तर त्या खुणेखाली बारीक करड्या अक्षरात ‘शेड्यूल्ड’ लिहिलेलं. पैसे गेले नव्हते, पुढच्या तारखेला पाठवायचे म्हणून लावून ठेवले होते. असं पेमेंट ती तारीख यायच्या आत रद्द करता येतं. स्क्रीनशॉटही खरा आणि फसवणूकही खरी, असा हा प्रकार आहे. पूर्ण बनावट स्क्रीनशॉट तर याहूनही सोपा. तेव्हा खात्यात जमा झालेलं दिसल्याशिवाय ‘पैसे टाकले’ या शब्दांना काडीची किंमत देऊ नका. मी लिंक दिली नाही. बँकेचं सर्व्हर, साहेबांचा ओटीपी, सुट्टी अशी कारणं येत राहिली, आणि शेवटी निरोप आला, ‘मालकांना फोटो पसंत नाहीत. रंग बरोबर नाहीत. आम्ही दुसऱ्याकडून काढून घेतले. काम कॅन्सल समजा.’

नापसंतीबद्दल माझी तक्रार नाही, ती कोणाचीही होऊ शकते. पण नापसंत फोटो कोणी वापरत नाही.

पोर्टलवर ती घरं शोधली तर पहिल्याच लिस्टिंगमध्ये हॉलचा फोटो माझा. सोफ्याला पाय नव्हते. पुढच्या फोटोत डायनिंगच्या खुर्च्या गुडघ्यापासून कापलेल्या, किचनमध्ये ओट्याखालचा शेवटचा ड्रॉवर अर्धाच. प्रत्येक फोटो खालून तेवढाच छाटलेला, म्हणजे माझ्या पट्टीच्या उंचीइतका. बाथरूमच्या फोटोत छाटायला जागा नव्हती, कारण तिथे बेसिन अगदी खाली येत होतं. तो त्यांनी कुठल्या तरी ॲपमध्ये घालून पट्टी पुसली होती. पुसली ती पुसली, पण फरशीच्या सांध्यांच्या रेषा त्या पट्ट्यात शिरताना वाकड्या होत होत्या आणि बाहेर पडताना पुन्हा सरळ. एका फरशीला तर पाचवा कोपरा फुटला होता. हसू आलं, खोटं कशाला सांगू. ज्या ‘बरोबर नसलेल्या’ रंगांची तक्रार होती, ते रंग मात्र जसेच्या तसे होते.

अशा वेळी हात फोनकडे जातो. जाऊ देऊ नका. फोन केला की तासाभरात फोटो बदलले जातात आणि आपण ओरडत बसतो. आधी पुरावा गोळा करायचा. मी प्रत्येक लिस्टिंगच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढला, वरचा पत्ता आणि संगणकावरची तारीख-वेळ दिसेल असा. ते फोटो डाउनलोड करून ठेवले. पान वेबॅक मशीन या वेबपानं जतन करणाऱ्या साइटवर साठवून ठेवलं, कारण तिथे साठवल्याची तारीख आपोआप लागते आणि ती मी बदलू शकत नाही. शूट ठरल्यापासून ‘कॅन्सल समजा’पर्यंतचा संवाद एक्सपोर्ट करून ठेवला. आणि त्या प्रत्येक फोटोची पाच-पाच एक्स्पोजर वेगळ्या फोल्डरमध्ये काढली. त्यांनी छाटलेला भागही माझ्या मूळ फाइलमध्ये आहे, सोफ्याचे पायसुद्धा. फोटो कोणाचा याचा याहून चांगला दाखला नाही. ‘आमचा एडिटर करेल, रॉ फाइल द्या’ असं कोणी कितीही गोड बोलून मागितलं तरी मी त्या देत नाही, त्याचं हेच कारण. मेटाडेटात, म्हणजे फाइलमध्येच दडलेल्या माहितीतही, मी कॉपीराइट आणि निर्मात्याचं नाव भरते आणि तुम्हीही भरा, पण त्यावर विसंबू नका. बरीचशी मेसेजिंग ॲप फोटो लहान करताना ती माहिती काढून टाकतात, आणि स्क्रीनशॉट घेतला तर ती उरतच नाही.

मग फोन केला. एजंट म्हणाला, फोटो मालकाने दिले. मालक म्हणाला, मी कशाला देऊ, एजंटनेच काढून घेतले. ऑफिस म्हणालं, ज्या मुलाने तुम्हाला काम सांगितलं तो सोडून गेला, आमची तुम्हाला ऑर्डरच नाही. अशी टोलवाटोलवी चालली की बिलावर पार्टी म्हणून कोणाचं नाव आहे यालाच महत्त्व येतं. माझ्या बिलावर ऑफिसचं नाव होतं आणि आधीचे पैसे ऑफिसच्याच खात्यातून आले होते, त्यामुळे ‘ऑर्डरच नाही’ हे फार टिकलं नाही. नुसत्या माणसाच्या नावावर, त्याच्या खासगी नंबरवर काम घेतलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं.

कॉपीराइटबद्दल थोडं, कारण यावर दोन्ही बाजूंनी भलतेच समज आहेत. १८८६ च्या बर्न कराराने बांधलेल्या देशांत फोटोच्या हक्कासाठी नोंदणीची अट नाही, फोटो काढला की हक्क निर्माण होतो. पण तो पहिला हक्क कोणाचा, हे मात्र सगळीकडे सारखं नाही. काही कायद्यांत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट काही ठरलेलं नसेल तर, काम देणारा धरला जातो. म्हणून हे लेखी ठरवून घ्या. माझ्या कोटेशनमध्ये तेव्हाही एक ओळ होती: वापराचा परवाना पूर्ण रक्कम जमा झाल्यावर सुरू होईल, तो याच मालमत्तेच्या जाहिरातीपुरता असेल आणि दुसऱ्याला देता येणार नाही. त्यावर त्यांचं ‘ओके, पुढे करा’ असं उत्तर होतं. त्या ‘ओके’वर माझी सगळी केस उभी आहे.

पोर्टलकडे तक्रार केली. अमेरिकेतल्या सेवांना १९९८ च्या डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्याखाली फोटो उतरवण्याची नोटीस देता येते, बाकीच्यांचेही आपापले फॉर्म असतात. मूळ फोटोचा नमुना, लिस्टिंगचा नेमका पत्ता आणि ‘ही माहिती खरी आहे’ असं निवेदन, इतकं साधारण लागतं. फोटो उतरवले गेले. मात्र यात एक मेख आहे. घराचा फोटो कामाचा असतो तो घर विकलं जाईपर्यंत. आपली तक्रार पोहोचेपर्यंत सौदा झालेला असेल, तर फोटो उतरवल्याचं त्यांना काहीच वाटत नाही. माझ्या बाबतीत निम्म्याअधिक घरांवर ‘विकलं गेलं’चा शिक्का आधीच पडला होता. पार्टीला आपली गरज असते ती लिस्टिंग लाइव्ह होईपर्यंत. जो काही जोर लावायचा तो त्याच्या आत.

त्यामुळे आता माझ्याकडून बघायला जातं ते एकच पान. त्यावर घराचे सगळे फोटो लहान चौकटींत, प्रत्येक जेमतेम ३०० पिक्सेल, आणि वॉटरमार्क कडेला नाही तर खिडकी, भिंत आणि फरशी अशा तिन्हींवरून तिरका जाणारा. कोन आवडला की नाही, खोली सुटली की नाही, पडदे सरळ आहेत की नाही, हे एवढ्यात कळतं. लिस्टिंगला टाकायला ते निरुपयोगी. ‘खूपच छोटं दिसतंय’ अशी तक्रार आली, तर स्क्रीन शेअर करून मोठं दाखवते. त्याचाही स्क्रीनशॉट घेता येतो म्हणा, पण मग खोलीगणिक बसावं लागतं आणि तिरका वॉटरमार्क त्यातही असतो. पुष्कळ लोक ड्राइव्हवर डाउनलोड बंद करून निश्चिंत होतात. स्क्रीनवर मोठं दिसतंय ते उचलता येतं, डाउनलोडचं बटण असो वा नसो. रक्कम जमा झाली की लिंक. तिच्यात दोन फोल्डर असतात, एक छपाईसाठी फुल साइज आणि एक पोर्टलसाठी २०४८ पिक्सेल, एसआरजीबी या स्क्रीनवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत. लिंक दिलेल्या ईमेलपुरतीच चालते, आणि डाउनलोडची नोंद मी जपून ठेवते, म्हणजे ‘फोटो मिळालेच नाहीत’ म्हणायला वाव राहत नाही. एक-दोन एजंट या पद्धतीवर चिडून निघून गेले. नियमित काम देणाऱ्या कोणालाही तिचा त्रास झालेला नाही.

आता राहिलं त्या ऑफिसचं. फोटो आणखी कुठे गेलेत हे बघायला मी गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सेवांवर ते एकेक करून टाकले. त्यातला एका घराचा संच भलत्याच एजंटच्या पानावर सापडला, तेच बिनपायाचे सोफे. त्याला लिहिलं, सोबत मूळ फोटो जोडला. मी भांडणाच्या तयारीत होते, पण माणूस सरळ निघाला. त्या ऑफिसने ‘आमचे फोटो आहेत, वापरा, सौदा झाला तर कमिशन निम्मं निम्मं’ म्हणून पूर्ण फोल्डर त्याला दिला होता. त्याने फोटो लगेच काढले, वापरले होते तेवढ्याचे पैसे मला दिले आणि मागितल्यावर तो मूळ मेसेजही पाठवून दिला. त्या मेसेजवरची तारीख ‘मालकांना फोटो पसंत नाहीत’ या निरोपाच्या आदल्या दिवशीची आहे. वकिलांनी नोटिशीच्या पहिल्याच परिच्छेदात ती घातली, आणि इतके दिवस ऑर्डरच नाही म्हणणाऱ्या ऑफिसचा ‘बसून मिटवू’ असा पहिला फोन त्यानंतर आला.