डोळ्यांवर ठेवायची जेलपट्टी: एका रडूबाईचा अभिप्राय

मी जन्मजात रडूबाई. पाठवणीच्या वेळी लोक नवरीला सोडून माझ्याकडे बघतात. तेव्हा पुढचे सगळे अनुभवाचे बोल समजा.

जूनमध्ये आत्या गेली. कोपरीला आमच्याच घरात राहायची. दिवसभर भेटायला येणाऱ्यांत वेळ जायचा, रात्री अकरानंतर माझं सुरू. आणि सकाळी वाशी गाडी पकडून ऐरोलीला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायचं. पेशंट स्वतःची दाढ धरून आलेला असायचा, पण माझे भज्यांसारखे फुगलेले डोळे बघून तोच विचारायचा, "ताई, काय झालं हो?" झालं, की पुन्हा धार लागायची.

म्हणून नौपाड्यातल्या एका मेडिकलमधून ही पट्टी आणली, २४९ रुपयांना. निळी, आरपार दिसणारी, आत साबुदाण्याएवढे जेलचे मणी, मागे बांधायला वेल्क्रोचा पट्टा.

पहिल्या रात्री घाईघाईत फ्रीजरमध्ये टाकली आणि दगड झाल्यावर तशीच डोळ्यांवर ठेवली. असा चटका बसला की रडं आपोआप थांबलं. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ, तिला बर्फ कसा सोसावा? सूचना खोक्यावर होती म्हणे, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. रडून आलेल्या माणसाने ती वाचायची! आता पट्टी खाली, ताकाच्या पातेल्याशेजारी असते. मध्ये पातळ रुमाल घालून दहा मिनिटं ठेवते. सूज उतरते, हे मान्य करायलाच हवं. फक्त त्याआधी डोळे चोळायचे नाहीत, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. आणि लेन्स लावत असाल तर त्या आधी काढा.

खरी गोची मण्यांची आहे. रडल्यावर आडवं झालं की पाणी पापण्यांतच साचतं आणि सकाळी डोळे जास्त फुगतात, म्हणून डोकं उंच हवं. पण बसून पट्टी बांधली की मणी घरंगळून तळाला जमतात. गाल गारेगार आणि वरची पापणी, जिथे खरी सूज, ती कोरडी ठणठणीत. म्हणजे पट्टीला मी झोपलेली हवी आणि डोळ्यांना बसलेली. शेवटी दोन उशा पाठीशी घेऊन अर्धवट रेलायचं आणि पट्टी हाताने धरायची, असा तह केला. त्यामुळे पट्ट्याची गरजही संपली, बरंच झालं. त्या वेल्क्रोने माझे इतके केस उपटले की ते रडणं वेगळं मोजावं लागेल.

नाकाचं मात्र ही पट्टी काही करत नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी नाकात उतरतं, म्हणून डोळ्यांबरोबर नाकही गळायला लागतं. ते शिंकरताना एकेक नाकपुडी, हळू. नवऱ्याने सर्दीचे थेंब आणून दिले होते, पण नाक मोकळं करणारे ते थेंब जास्त दिवस घातले की नाक उलट आणखी चोंदतं, म्हणून मी साधे मिठाच्या पाण्याचे घेतले. कागदी रुमालाने दोन दिवसांत नाकाखाली सोलवटून निघालं होतं. आत्याच्या जुन्या सुती पातळाचे चौकोनी तुकडे केले आणि झोपताना व्हॅसलीन लावलं, तेव्हा कुठे आग थांबली.

डोकेदुखीला पट्टी थोडी उपयोगी पडते, कपाळावर ठेवली तर. माझं डोकं दुखतं ते आवाज दाबून रडल्यामुळे. पलीकडे मुलगा झोपलेला, म्हणून मी दात आवळून रडणार आणि सकाळी कानशिलं ठणकणार. आमच्या डॉक्टरांनी न विचारताच सांगितलं, "जबडा सैल सोडा." दातांच्या दवाखान्यात नोकरी असली की काही लपत नाही. मी आता बाथरूममध्ये नळ सोडून मोकळ्या गळ्याने रडते आणि वर पेलाभर पाणी पिते. डोकं बरंच कमी दुखतं.

तिसऱ्या आठवड्यात पट्टीचा डावा कोपरा उसवून चिकट पाणी यायला लागलं. दुकानात घेऊन गेले. "वापरलेली वस्तू परत घेत नाही, ताई." पावती आणि खोकं दोन्ही होतं, तरी नाही. घरी आल्यावर स्टीलचे दोन मोठे चमचे थंड पाण्याच्या पेल्यात ठेवले आणि पालथे करून पापण्यांवर धरले. पाच मिनिटांत कोमट होतात, मग पुन्हा बुडवायचे. काम तेच, आणि मणी घरंगळायची भानगड नाही.

पाचपैकी अडीच तारे. परवा मुलगा गुडघ्यावर आपटून आला, तेव्हा कोपऱ्याला चिकटपट्टी मारून तीच त्याच्या गुडघ्याला बांधली. तिथे मणी जागचे हलले नाहीत.