पॉइंट टू-टूचा ट्रिगर: आहे तोच जुळवावा की नवा बसवावा?

एअर रायफलवरून पॉइंट टू-टूकडे (.२२ बोअरच्या रायफलकडे) आलेल्या नेमबाजाची पहिली कुरकुर बहुतेक वेळा ट्रिगरचीच असते. दहा मीटरवर बोटाला शंभर ग्रॅमच्या आसपासच्या ट्रिगरची सवय झालेली असते आणि आता हातात आलेली सीझेड कंपनीची ४५७ रायफल जवळपास किलोभर दाब मागते. मग "टिमनी (तयार ट्रिगर बनवणारी कंपनी) मागवू का?" हा प्रश्न ठरलेला. माझं मत आधीच सांगतो. ट्रिगर किती हलका होईल हे शेवटी बघा. तो दर वेळी त्याच जागी आणि त्याच दाबाला सुटतो का, हे आधी बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे ९०० ग्रॅमचा पण एकसारखा सुटणारा ट्रिगर दहा देतो. ४०० ग्रॅमचा, कधी अलीकडे तर कधी पलीकडे सुटणारा, नऊ देतो.

नियमांची अडचण इथे नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाची, म्हणजे तो सुटायला लागणाऱ्या दाबाची, किमान मर्यादा नाही; १५०० ग्रॅमची अट आहे ती ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला.

कंपनीचा ट्रिगर जुळवणं आणि नवा बसवणं यात पहिला फरक तुमच्या मॉडेलनुसार पडतो. ४५७ मध्ये वजन साधारण ८०० ते १५०० ग्रॅमच्या पट्ट्यात बदलता येतं, शिवाय सुटण्याआधीची सरक आणि सुटल्यानंतरची मोकळी चालही कमी करता येते. हे सगळं मॅन्युअलप्रमाणे केलं की ट्रिगर इतका बदलतो की निम्म्या लोकांची खरेदीची गरजच संपावी. जुन्या ४५५ मध्ये मात्र फक्त वजन बदलतं, सरक तशीच राहते. म्हणून ४५७ वाल्याने थांबावं आणि ४५५ वाल्याने पुढचा विचार करावा, असं मी म्हणेन.

नुसती स्प्रिंग बदलायचा स्वस्त पर्यायही आहे. त्याने वजन उतरतं, सरक जात नाही. मात्र त्यासोबत फायरिंग पिनची स्प्रिंग हलकी करू नका. पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर असतं, त्याची बारूद पेटते ती कडेवर बसणाऱ्या ठोक्याने. ठोका कमजोर झाला की काही गोळ्या पेटत नाहीत, काही असमान पेटतात, आणि टार्गेटवर वर-खाली पसरलेला ग्रुप दिसतो. मग माणूस दोष गोळ्यांच्या लॉटला देत बसतो.

आता खरी लढत: एका टप्प्याचा तयार ट्रिगर की दोन टप्प्यांचा? टिमनीसारखा एका टप्प्याचा ट्रिगर जुन्याच्या जागी बसतो आणि सरक जवळजवळ नाहीशी होते. बेंचवर किंवा प्रोनमध्ये (झोपून), श्वास सोडून निवांत दाब देणाऱ्याला तो फार आवडतो. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये बोट आधी मोकळी चाल संपवतं, मग एक स्पष्ट अडसर लागतो, आणि त्यापुढे थोडासा दाब वाढला की गोळी. उभ्याने मारताना रायफल डोलत असते. अडसरापाशी बोट टेकवून योग्य क्षणाची वाट बघता येणं हा तिथे मोठा आधार आहे. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसळेने ज्या थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तिथे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून एकाच ट्रिगरशी जमवून घ्यावं लागतं. हा प्रकार मनात असेल तर मी निःसंकोच दोन टप्पे म्हणेन.

पण अँशुट्झ या मॅच रायफलच्या ५४ अ‍ॅक्शनवरचा (बोल्ट बसतो त्या मूळ यंत्रणेवरचा) ५०१८ हा दोन टप्प्यांचा ट्रिगर काढून सीझेडवर चढवता येत नाही. ट्रिगर अ‍ॅक्शनसोबत येतो. थ्री पोझिशन गांभीर्याने करायचं असेल तर ट्रिगरवरचे पैसे राखून वापरलेल्या मॅच रायफलकडे वळवणं जास्त शहाणपणाचं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर नियमात बसतो, पण पहिल्या रायफलला त्याची गरज मला दिसत नाही.

नाशिकमध्ये आणखी दोन गोष्टी निर्णयात धराव्या लागतात. एक थंडी. निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा सकाळच्या डिटेलला (नेमबाजांच्या तुकडीला) बोटं बधिर असतात, आणि मे महिन्यात जुळवलेला अतिहलका ट्रिगर बोट टेकताच सुटतो. वजन थंडीतल्या बोटाला झेपेल इतकंच उतरवा. पावसाळ्यात तेल आणि धूळ मिळून चिकटा होतो. ट्रिगरमध्ये तेल ओतू नका.

दुसरी गोष्ट अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींची. इथे एकाहून एक टूलरूम आहेत, आणि "सिअर (फायरिंग पिन अडवून धरणारा ट्रिगरचा भाग) जरा पॉलिश करून देतो" म्हणणारा ओळखीचा कारागीर सहज भेटतो. त्याच्या हाताबद्दल शंका नाही, तरी नको. सिअरवरचा कठीण थर अनेकदा पातळ असतो. तो घासला गेला की आज गुळगुळीत वाटणारा ट्रिगर काही महिन्यांनी बोल्ट आपटताच सुटू शकतो. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल करायला परवाना लागतो. त्याच कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात, त्यामुळे परदेशी साइटवरून ट्रिगर कुरिअरने मागवणं म्हणजे विनापरवाना आयात ठरू शकते. परवानाधारक डीलरमार्फतच मागवा, बसवूनही परवानाधारक गनस्मिथकडूनच घ्या. आयातीचा खर्च आणि वाट बघण्याचे महिने तुलनेत धरले की कंपनीचाच ट्रिगर जुळवण्याचं पारडं आणखी जड होतं.

काहीही बदललं तरी रेंजवर जाण्याआधी चेंबर रिकामं आहे हे दोनदा बघा, मग बोल्ट जोरात बंद करा, सेफ्टी लावून-काढून बघा, बट रबरी मॅटवर आपटा. एकदाही पिन सुटली तर रायफल परत गनस्मिथकडे. सरावाला ड्राय फायर (गोळीशिवाय ट्रिगर ओढणं) करताना चेंबरमध्ये स्नॅप कॅप (नकली काडतूस) किंवा वापरलेली केस ठेवा, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आदळू शकते. या सरावात सुटतेवेळी फोरसाइट हलत नसेल, तर नवा ट्रिगर तुम्हाला फारसे गुण वाढवून देणार नाही.