पसरणी घाट, जुनी झेनॉन आणि साडेअठरा हजारांची डबी

आमची झेनॉन, म्हणजे टाटाची पिकअप, २०१२ ची, दोन लाख दहा हजार किलोमीटर पळालेली. रोपवाटिका खाली वाईजवळ आणि स्ट्रॉबेरीचं शेत वर भिलारला, त्यामुळे पसरणीचा घाट रोजचाच. गाडी ह्यांच्या नावावर, चालवते मी. हे मुद्दाम सांगतेय, कारण गाडीची ताकद वाढवणाऱ्या चिपची चौकशी करायला गेलो तेव्हा जो तो ह्यांनाच समजावून सांगत होता आणि हे मोबाईलवर बाजारभाव बघत होते.

दुखणं एवढंच होतं, की गाडी भरलेली असली आणि वळणावर दुसरा गिअर टाकला, की ती दोन-तीन सेकंद नुसती गुरगुरायची, मग एकदम खेचायची. मागून एसटीचा हॉर्न सुरू असताना ते दोन-तीन सेकंद फार लांब वाटतात. इंजिन २.२ लिटर डायकॉर, कागदावर १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे खेच. पण तो टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला १७०० फेऱ्यांच्या (आरपीएमच्या) पुढे मिळतो, आणि वळणात मी असते बाराशे-तेराशेवर.

आधी भाच्यानं ऑनलाईन सातशे रुपयांची ‘चिप’ मागवली, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक गाडीचा कॉम्प्युटर तपासतात तिथं, खोचायची. दिवे छान लुकलुकायचे. भाचा महिनाभर म्हणत होता, “मामी, फरक पडलाय की!” एक दिवस ती खाली पडून फुटली, तर आत दिवे लुकलुकवायची सोय तेवढी होती. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या पिना कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

मग भोसरीकडच्या एका गॅरेजचा पत्ता मिळाला. तिथल्या पोरानं मात्र थेट मला विचारलं, “ताई, चढाला धूर येतो का? शिट्टीसारखा आवाज येतो का?” दोन्ही येत होतं. त्यानं टर्बोपासून (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा थंड करणारी जाळी) पाईप हवा भरून तपासले. एका होजला खालच्या बाजूनं चीर निघाली. होज, क्लॅम्प आणि एअर फिल्टर मिळून १,४५० रुपये घेतले आणि म्हणाला, “आठ दिवस चालवा, मग वाटलं तर डबी बसवू.” डबी म्हणजे खरी चालणारी चिप. साडेअठरा हजारांचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर खंबाटकी चढताना गाडी निम्मी तरी सुधारलेली वाटली.

तिथंच थांबायला हवं होतं. थांबले नाही.

डबीचं काम सांगते, कारण विकणारे ‘चिप’ म्हणतात आणि आपल्याला वाटतं काहीतरी मोठं आहे. कॉमन रेल इंजिनात पंप डिझेल एका जाड नळीत दाबून ठेवतो. त्या नळीवरचा सेन्सर दाब किती आहे ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो. डबी बसते या दोघांच्या मधे, आणि सेन्सरनं सांगितलेला आकडा कमी करून पुढे पाठवते. ईसीयूला वाटतं दाब कमी पडला, म्हणून तो वाढवतो. इंजेक्टर उघडतो तेवढाच वेळ, पण डिझेल जास्त पडतं. थोडक्यात, मधला निरोप्या खोटं बोलतो. रीमॅपमध्ये खुद्द ईसीयूतला प्रोग्रॅमच बदलतात. त्याचे २८ हजार सांगितले. डबी निदान काढून तरी ठेवता येते, म्हणून ती घेतली. बसवायला वीस मिनिटं लागली, वायर कुठेही कापली नाही.

डबीवर एक ते पाच असा खटका आहे. दोनवर हायवेला मजा येते. चौथ्या गिअरमध्ये असताना ओव्हरटेकला खालचा गिअर टाकावा लागत नाही. तीनवर खेच आणखी वाढली, पण आरशात काळा ढग दिसायला लागला. पाचगणीला निघालेल्या एका बुलेटवाल्यानं शेजारी येऊन मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. पीयूसीत धुराचा आकडा आधी १.३ होता, तो २.२ आला. आमच्या गाडीला मर्यादा २.४५ ची. पाच एकदाच लावून पाहिलं, निंबोळी पेंडीची तीस पोती भरलेली असताना. दाब मर्यादेबाहेर गेला, चेक लाईट लागला आणि ईसीयूनं ताकदच काढून घेतली. डबीसोबत आलेला, तिला वगळून वायर जोडणारा बायपास प्लग लावून कशीबशी वर पोचले.

आणि ज्या दोन-तीन सेकंदांसाठी हा खटाटोप केला, ते तसेच राहिले. टर्बो फिरायच्या आधी हवाच कमी असते. तिथं डिझेल वाढवलं तर ताकद कुठून येणार, धूरच येणार. चुलीत फुंकर न घालता नुसती लाकडं कोंबावीत तसं.

ॲव्हरेज टाकी फुल करून आठ वेळा मोजलं. सपाटीला ११.२ चं ११.६ झालं, घाटात फरक नाही. चौथ्या महिन्यात क्लच घसरायला लागला. प्लेट जुनी होतीच, पण वाढीव खेचीनं तिचं मरण जवळ आणलं हे नक्की. मजुरीसकट साडेतेरा हजार गेले.

विम्याच्या एजंटला विचारलं, तर आधी गप्प झाला, मग म्हणाला, “लेखी कळवा, नाहीतर क्लेमला अडेल.” मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलंय. हे डबी विकताना कुणी सांगत नाही, भोसरीच्या त्या पोरानंही नाही. म्हणून गॅरेजला साडेचार स्टार, पाच नाहीत. डबीला दोन.

आता दुसरा टाकायच्या आधीच वेग थोडा राखून वळण घेते. डबी काढून कपाटात ठेवलीय. परवा आमचा मिस्त्री म्हणाला, “वहिनी, विकणार असाल तर सांगा, माझ्या मेव्हण्याला हवीय.” मेव्हण्याची गाडी जुनी २०७ डीआय, मेकॅनिकल पंपाची. खोटं सांगायला तिथं ना सेन्सर, ना ईसीयू.