पिकअप बदलून देतो म्हणाला, आतलं सगळंच बदललं

बेस गिटार रिपेअरीला टाकणार असाल किंवा पिकअप (तारांचा आवाज पकडून अँपला देणारा चुंबकाचा भाग) बदलून घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. माझे २७,००० रुपये गेले. वर माझ्याच गिटारीतला ओरिजिनल माल गेला तो वेगळाच. गिटार परत मिळाली. रंग तोच, हेडस्टॉकवरचं नाव तेच, पट्ट्याच्या बटणाजवळचा जुना टवकाही तोच. आतलं मात्र काहीच माझं राहिलं नव्हतं.

मी हौशी पोरगा नव्हे. कर्नाटकातल्या निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्नं, जत्रा, गणपती, सगळं. गिटार फेंडरची प्लेअर जॅझ बेस, मेक्सिकोत बनलेली. गोव्यातल्या एका वादकाकडून ४६,००० ला घेतली होती आणि घेताना सिरियल नंबर, नेकच्या स्क्रूपासून सगळं तपासून घेतलं होतं. म्हणजे आंधळेपणानं कुणावर विश्वास टाकणाऱ्यांतला मी नाही.

पावसाळ्यात लाकूड हलतं हे तुम्हाला माहीत आहेच. ॲक्शन म्हणजे तारांची उंची चढली होती, वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) बझ, म्हणजे खरखर येत होती. गणपतीच्या आधी सेटअप, म्हणजे तारा-मान जुळवून घेणं भाग होतं. आमच्याकडे इलेक्ट्रिक गिटारीचं काम करणारा माणूस नाही. मिरजेला सतार-तंबोऱ्याचे पिढीजात कारागीर आहेत, पण पिकअप आणि वायरिंग हे काही त्यांचं काम नव्हे. पुण्याला पाठवायची तर गणपती हुकणार. मग ओळखीच्या दोन वादकांनी कोगनोळी नाक्याच्या पलीकडच्या, कोल्हापूर भागातल्या एका माणसाचं नाव सुचवलं. दोघांनी त्याच्याकडून काम करून घेतलं होतं. आणखी काय चौकशी करायची असते माणसानं?

गेलो होतो फक्त सेटअपसाठी. त्यानं गिटार हातात घेतली, दोन मिनिटं वाजवली आणि म्हणाला, "दादा, एवढी चांगली बॉडी आणि पिकअप कंपनीचे साधेच ठेवलेत? इम्पोर्टेड अल्निको सेट टाकू, पितळी सॅडलचा जड ब्रिज टाकू, मग बघा बेस कसा बोलतो." अल्निको म्हणजे चुंबकाचा मिश्रधातू, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा अडकवायचा भाग आणि सॅडल म्हणजे त्यावर तार टेकते तो तुकडा. फ्रेट लेव्हल (फ्रेट घासून एकसारखे करणं) आणि सेटअप ३,५००, पिकअप सेट १४,८००, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे आतले पार्ट) आणि वायरिंग ३,२००, ब्रिज ५,५००. एकूण २७,०००. त्यातले १५,००० मी निपाणीत बसून फोनवरून पाठवले, बाकीचे १२,००० काम झाल्यावर रोख. "बिल केलं तर जीएसटी लागतोय, उगीच कशाला?" हे त्याचंच वाक्य. रिपेअरवाल्याकडे पक्कं बिल मागणारा एक तरी वादक मला दाखवा. पण आता सांगतो, मागा. बिलावर पार्टचं नाव आणि मॉडेल लिहून घ्या. लिहायला नको म्हणाला तर गिटार उचला आणि घरी या.

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण तेच डोक्यातून जात नाही. गिटार घ्यायला गेलो. अँपला लावली, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले आणि घूंऽऽ असा आवाज. जॅझ बेसवाल्यांना माहीत आहे की एकच पिकअप उघडला तर हम, म्हणजे असा घूं आवाज येणारच, सिंगल कॉइल म्हणजे तारेची एकच गुंडाळी आहे. पण दोन्ही पूर्ण उघडले की हम जातो, कारण एकाची वाइंडिंग आणि चुंबक दुसऱ्याच्या उलटे असतात, दोघांचा हम एकमेकांना खातो. १९६० पासून जॅझ बेस अशीच चालत आली आहे. माझीही तशीच होती. आणि इथं दोन्ही उघडूनही घूं तसाच! मी विचारलंसुद्धा. "हा हम कसला?" तर म्हणाला, "आमच्या गल्लीत अर्थिंगच नाही दादा. घरी लावा, जाईल." मी तारांना हात लावला, आवाज थोडा कमी झाला. "बघा, अर्थिंगच," म्हणाला.

तिथंच पॅनेल उघडायला लावायला हवं होतं. पण जो माणूस आयुष्यभर मांडवात वाजवतो त्याला अर्थिंगचं कारण खोटं वाटेल का? आमच्याकडे जनरेटरवर स्टेज चालतं, लाइटचा डिमर आणि साउंड एकाच फेजवर टाकतात, प्रत्येक कार्यक्रमात काही ना काही घुरघुरत असतंच. माझ्या जागी दुसरा कुणीही असता तरी हेच मानलं असतं. त्यानं कारण नेमकं तेच निवडलं जे आपल्या लोकांना पटतं. शिवाय गणपती तोंडावर आलेले, जागरणं, तालमी. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "डब्यात आहेत कुठंतरी, पुढच्या खेपेला देतो. भंगारच आहे की ते." जुने पार्ट तुमच्या मालकीचे असतात. गिटार ताब्यात घेतानाच जुने पार्ट हातात पडले पाहिजेत, पुढची खेप कधी येत नसते.

संकेश्वरच्या एका कार्यक्रमात हमनं कहर केला. आमच्या साउंडवाल्यानं कार्यक्रम झाल्यावर मागेच बसून कंट्रोल प्लेट उघडली. आत करंगळीच्या नखाएवढी मिनी पॉट. माझ्या गिटारीत मोठ्या आकाराची पॉट होती, कारण मागे जॅक सैल झाला तेव्हा मी स्वतः प्लेट उघडून फोटो काढला होता, तो अजून फोनमध्ये आहे. मग पिकअपचे स्क्रू काढून उलटे केले. खाली काळी सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली आणि वरचे, तारांखाली येणारे खांब नुसते लोखंडाचे. अल्निकोत खांब हेच चुंबक असतात, खाली पट्टीची गरजच नसते. दोन्ही पिकअप एकाच बाजूने गुंडाळलेले, एकाच जातीचे. म्हणून हम. ब्रिजच्या "पितळी" सॅडलला खालून टोचलं तर आतून राखाडी, पिवळा ठिपका नाही. आणि सातव्या फ्रेटवर डी तारेखालची खाच जशीच्या तशी! फ्रेट लेव्हल केले असते तर ती खाच राहिली असती का? म्हणजे ३,५०० चं काम तर केलंच नव्हतं.

एक साधं होकायंत्र जवळ ठेवा. एका पिकअपच्या खांबांनी सुईचं एक टोक ओढलं आणि दुसऱ्यानं दुसरं टोक ओढलं तर जोडी बरोबर आहे. दोन्हीकडे एकच टोक ओढलं गेलं तर समजा गडबड आहे. दुकानातच करा, लाजू नका.

फोन केला. उत्तर काय? "तुम्ही दुसऱ्याकडून उघडून घेतलंय, आता माझी जबाबदारी नाही." नंतर नंबर ब्लॉक.

आणि मग पोलीस. आमच्याकडच्या ठाण्यात पहिला प्रश्न, "गिटार परत मिळाली ना? मग चोरी कसली?" मी फोटो दाखवायला फोन पुढे केला तर साहेबांनी बघितलासुद्धा नाही. एखाद्यानं तुमच्या गाडीचं इंजिन काढून भंगारातलं बसवलं तर गाडी परत मिळाली म्हणून गप्प बसाल का? यावर उत्तर मिळालं, "दुकान महाराष्ट्रात आहे, तिकडे जा." तिकडे गेलो. तिथं आधार कार्ड बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही कर्नाटकातले, पैसेही कर्नाटकातून गेलेत, तिकडेच द्या." परत इकडे. इकडे म्हणाले, कन्नडमध्ये लिहून आणा. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. बाहेर बसणाऱ्यानं लिहायचे २०० रुपये घेतले, आणि त्यानं "पिकअप" म्हणजे गाडी समजून तक्रारीत वाहन लिहिलं! ते परत लिहून घ्यायला आणखी १००. शेवटी तो कागद घेतला, पण पोच दिली नाही. "चौकशी करू." कसली चौकशी? एक फोनसुद्धा नाही. सीमाभागातल्या माणसानं दाद मागायची कुठं? मतं मागायला दोन्हीकडचे येतात, तक्रार घ्यायला कुणीच नाही.

तुमच्यावर वेळ आली तर हे पाठ ठेवा, मला हे एका वकिलांनी नंतर सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. नकार दिला तर तीच तक्रार पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा. विश्वासानं सोपवलेली वस्तू हडपली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, फसवणुकीला ३१८. कलमांचे नंबर सांगितले की समोरच्याचा सूर बदलतो. आणि भाषेचं म्हणाल तर राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत आपलं गाऱ्हाणं देण्याचा हक्क आहे. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर ते ३०० रुपयेही वाचले असते.

ग्राहक आयोगाचा रस्ता त्यातल्या त्यात बरा. २०१९ च्या कायद्यानुसार आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान सीमेपलीकडे असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तिथं पुरावा लागतो, आणि १२,००० रोख दिल्याचा माझ्याकडे कागद नाही. १५,००० चा बँकेचा उतारा आहे, गिटार टाकतानाचे मेसेज आहेत, जुन्या पॉटचा फोटो आहे. तेवढ्यावर तक्रार टाकली आहे. म्हणून सांगतो, रोख देऊच नका. आणि गिटार देण्याआधी प्लेट उघडून, पिकअप उलटे करून, ब्रिज खालून, सगळ्याचे फोटो काढा, तारखेसकट.

माझे मूळ पार्ट तो "ओरिजिनल फेंडर" म्हणून कुणाला तरी विकणार, किंवा विकलेही असतील. ब्रिजकडच्या पिकअपच्या काळ्या कव्हरचा जी तारेकडचा कोपरा तुटलेला आहे, आणि जुन्या ब्रिजच्या पत्र्याखाली खिळ्यानं ओरखडलेला इंग्रजी एस आहे, आधीच्या मालकानं काढलेला. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, कुठंही असा सेट स्वस्तात दाखवला तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याचा फोटो काढून ठेवा.