फायबर होडीचा उडालेला रंग: घासावा, रंगवावा की नवा जेलकोट चढवावा?

मे अखेरीस होडी वर ओढली, शाकारायच्या आधी बाजूवरून हात फिरवला आणि तळहात पांढराफटक झाला. ती पावडर म्हणजे जेलकोटमधलं, म्हणजे फायबरवरच्या रंगीत बाहेरच्या थरातलं, उन्हाने मोडलेलं पॉलिएस्टर रेझिन. पृष्ठभाग सच्छिद्र झाला की रंग विटका दिसतो, निळ्या-लाल होड्यांवर तर फारच.

रंगाचा डबा आणण्याआधी तिथे पाणी मारून बघा. ओलं असताना मूळ रंग उजळला, तर बहुतेक वेळा खालचा थर शाबूत असतो. अशी होडी रंगवायला माझा ठाम विरोध आहे.

जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. धक्क्याला घासून आलेला ओरखडा त्यातच घोटून काढता येतो. रंगाचा पातळ थर मात्र सरळ फाटतो. टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या, पॉलियुरेथेन रंगाची चमक वर्षानुवर्षं टिकते, हे खरं. पण आधी कधी सिलिकॉनचं पॉलिश लावलेलं असेल, तर रंगात बारीक खड्डे पडतात. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फवारताना साधा कापडी मास्क अजिबात पुरत नाही. पावसाळी दमट हवेत तर हे काम काढूच नये.

घासायचं ठरलं तर साबणाने धुवा, ॲसिटोनने जुनं मेण काढा. मग सावलीत, दोन-दोन फुटांचे तुकडे घेत, लोकरी पॅड आणि कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट), पॉलिशचं मशीन कमी वेगात. तेवढ्याने चमक आली नाही तरच १०००चा वॉटर पेपर पाण्यासोबत, मग १५००, मग २०००, आणि पुन्हा कंपाउंड. कडा-कोपऱ्यांवर थर पातळ असतो, तिथे मशीन नको, हातानेच. शेवटी मेण. होडी उघड्यावर राहत असेल तर दर तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा लावायचं. या पर्यायाची खरी किंमत हीच, सतत राबावं लागतं.

फडक्याने लावायची ॲक्रिलिक चकाकी झटपट दिसते, पण पुढे पापुद्रे सुटले की खरवडताना जीव जातो.

नवा जेलकोट फक्त जाळीदार तडे गेले असतील किंवा फायबरचे धागे दिसत असतील तरच. साधा जेलकोट हवेत वरून चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मिसळावं लागतं. फवारल्यावर तो खडबडीत वाळतो, म्हणजे वॉटर पेपर आणि कंपाउंड तिथेही चुकत नाहीत.

१ जूनला मासेमारी बंद व्हायच्या सुमारास होडी वर येते, तेव्हा कोरडे दिवस मोजकेच उरतात. तेवढ्यात घासून मेण लावणं जमतं. रंग किंवा जेलकोट करायचाच असेल, तर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात होडी पुन्हा वर ओढा.