गच्चीचं वॉटरप्रूफिंग (लातूर): काम चांगलं, मालक ताप
स्लॅब जुना, पावसाळा लागला की पंख्याच्या हुकाजवळ ओल अन् रंगाचे पोपडे, म्हणून यंदा उन्हाळ्यातच गावातल्या एका काँट्रॅक्टरकडून कोटिंग करून घेतलं. कामावरची पोरं लै भारी. आधी तारेच्या ब्रशनं सगळं शेवाळ खरवडलं, चिरा फोडून पॉलिमर मॉर्टरनं भरल्या, अन् कठडा स्लॅबला मिळतो त्या कोपऱ्यात वाटा (मॉर्टरची गोलसर उतरती कड) मारून वर जाळी बसवली, पाणी बहुतेक तिथूनच मुरतं पण कोटेशन देताना कुणी ह्याचं नाव काढत नाही. मग दोन कोट, पहिला उभा, दुसरा आडवा.

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर, स्लॅब दिवसा फुगतो रात्री आकसतो, नुसती सिमेंटची स्लरी मारली की तडकलीच समजा, म्हणून ॲक्रिलिक पॉलिमरवालं लवचिक कोटिंग घेतलं. मालक (म्हणजे काँट्रॅक्टर) म्हणे दुपारीच उरकून टाका, पोरांनी ऐकलं नाही, सकाळी स्लॅब ओला करून मारलं. मालकाला टेस्ट पण नको होती, म्हणे टँकरचं पाणी कशाला वाया घालवता! आम्ही पन्हाळी बोळे घालून बंद केली अन् ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं, तर पाइपाभोवती ओल दिसलीच. भरून दिलं, पण फोन करून करून जीव गेला.

पाचपैकी साडेतीन. शेवटचा हप्ता टेस्ट झाल्यावरच द्या, अन् वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.